‘रामायणा’ची एक लाख चित्रे आणि पुनरुज्जीवनाचे शास्त्र

मॉरिसव्हिल (नॉर्थ कॅरोलिना) : २४ जानेवारी २०२५ रोजी ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा भारत-जपान अ‍ॅनिमेशनपट ४के स्वरूपात भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जानेवारी १९९३ मध्ये तो प्रथम दाखवला गेल्याला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. मधल्या काळात त्याची ओळख टिकवली ती दूरचित्रवाणीने, जुन्या डीव्हीडींनी आणि इंटरनेटवरच्या धूसर प्रतींनी. या प्रदर्शनामुळे एक प्रश्न मराठी वाचकांसमोरही आला आहे. हाताने रेखाटलेला जुना चित्रपट आजच्या पडद्यासाठी तयार करतात, म्हणजे नेमके काय करतात? त्यातून काय वाचते आणि निष्काळजीपणा झाला तर काय कायमचे पुसले जाते? आपल्या मुंबई-पुण्यात पडून असलेल्या अशाच चित्रपटांचे भवितव्य या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

चित्रपटाचा प्रवास

या चित्रपटाचे मूळ एका माहितीपटात आहे. जपानी निर्माते युगो साको १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले. अलाहाबादजवळील शृंगवेरपूर हे त्या उत्खननाचे स्थळ होते. या निमित्ताने रामकथेशी त्यांचा परिचय झाला आणि तिच्या अनेक जपानी आवृत्त्या वाचून त्यांनी चित्रपटाचा संकल्प केला. परदेशी माणसाने रामायणावर चित्रपट करावा याला प्रारंभी विरोध झाला. विश्व हिंदू परिषदेचे निषेधाचे पत्र दिल्लीतील जपानी दूतावासात पोहोचले होते. रामासारखे दैवत एखाद्या नटापेक्षा रेखाटनातून अधिक निर्मळपणे उभे राहील, अशी साको यांची भूमिका होती. भारत सरकारबरोबरची सहनिर्मिती मात्र होऊ शकली नाही. अखेर जपानमध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि १९९० च्या सुमारास प्रत्यक्ष काम सुरू झाले.

दिग्दर्शनाची जबाबदारी युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन या तिघांनी सांभाळली. संगीत वनराज भाटिया यांचे होते. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांपुढे कसे वाकतात, अशा गोष्टी भारतीय कलावंतांनी जपानी सहकाऱ्यांना समजावून दिल्या. सुमारे ४५० कलावंत आणि सुमारे एक लाख हस्तरेखित सेल असा या निर्मितीचा व्याप सांगितला जातो. चित्रपट १३५ मिनिटांचा आहे.

महोत्सवातील प्रदर्शन झाले ते डिसेंबर १९९२ नंतरच्या तापलेल्या वातावरणात. देशभर व्यापक प्रदर्शन काही झाले नाही. पुढे हिंदी आवृत्ती तयार झाली. तिच्यात रामाला अरुण गोविल यांचा, तर रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे होते. कार्टून नेटवर्कवरून हा चित्रपट घरोघरी पोहोचला. अमेरिकेसाठी केलेल्या इंग्रजी आवृत्तीत रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टन यांचा होता. युगो साको २०१२ मध्ये आणि राम मोहन २०१९ मध्ये निवर्तले. २०२५ चे प्रदर्शन दोघांनाही पाहता आले नाही.

एक लाख चित्रे म्हणजे काय

पुनरुज्जीवनाची अडचण समजण्यासाठी असा चित्रपट बनतो कसा, ते आधी पाहावे लागते. कलावंत प्रथम कागदावर हालचालीतील मुख्य टप्पे काढतो. सहायक मधल्या अवस्थांची चित्रे भरतात. ही रेखाटने ‘सेल’ नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावावर उतरवली जातात. रंग तावाच्या मागील बाजूने भरतात, म्हणजे पुढच्या बाजूची रेषा स्वच्छ राहते. मग रंगवलेल्या पार्श्वभूमीवर एकावर एक सेल ठेवून, वर काचेचा दाब देऊन, उभ्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याने एकेक फ्रेम टिपली जाते.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. त्या हिशेबाने १३५ मिनिटांच्या चित्रपटात १ लाख ९४ हजार ४०० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र काढत नाहीत. साधारणतः एक चित्र दोन फ्रेमपर्यंत, जपानी पद्धतीत पुष्कळदा तीन फ्रेमपर्यंत धरून ठेवतात. दुसरीकडे एकाच फ्रेममध्ये दोन-तीन पात्रांचे वेगवेगळे सेल एकावर एक असू शकतात. या दोन्ही गोष्टी लक्षात घेतल्या की लाखभर सेलचा आकडा अतिशयोक्त वाटत नाही.

‘एक चित्र दोन फ्रेम’ हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. पुनरुज्जीवनातील बहुतेक चुका याच ठिकाणी होतात.

डाग दोन प्रकारचे

जुन्या हस्तरेखित चित्रपटात दिसणारे दोष दोन वेगळ्या काळांतले असतात. पहिल्या गटातले दोष चित्रीकरणाच्या दिवशीच फ्रेममध्ये शिरलेले असतात. सेलवर बसलेला धुळीचा कण, बोटाचा ठसा, काचेखाली अडकलेले केस, थरांमुळे पार्श्वभूमीवर पडलेली सेलची पुसट सावली, दोन सेलांत किंचित बदललेली रंगाची छटा हे सारे मूळ निगेटिव्हमध्येच नोंदलेले असते. दुसऱ्या गटातले दोष नंतरच्या काळाने दिलेले असतात. त्यांत यंत्रातून जाताना फिल्मवर पडलेले ओरखडे, सांध्यांच्या खुणा, बुरशी आणि उडालेले रंग येतात. फिल्म आकसल्यामुळे थरथरणारी प्रतिमाही त्यांतलीच.

दुसऱ्या गटातले दोष काढावेत, याविषयी मतभेद नाही. ते चित्रपटाचे नव्हेत, त्याच्या प्रवासाचे आहेत. पहिल्या गटाबाबत मात्र एकमत नाही. काहींच्या मते कलावंतांना जे नको होते तेच आपण काढत आहोत, तेव्हा धूळ जावीच. इतरांच्या मते सेलची सावली किंवा रंगाची थरथर हा त्या निर्मितिपद्धतीचा पुरावा आहे. तो पुसला तर चित्रपट संगणकावर आज केल्यासारखा दिसू लागतो. उत्तम पुनरुज्जीवनात या दोन टोकांमधला निर्णय प्रत्येक दृश्यासाठी वेगळा घेतात आणि तो नोंदवूनही ठेवतात.

तिसरी गोष्ट फिल्मच्या कणांची. छायाचित्रणाच्या फिल्मवर प्रतिमा सूक्ष्म कणांनी बनते. आजच्या मोठ्या, स्वच्छ पडद्यावर ते कण काही प्रेक्षकांना खरखरीत वाटतात. म्हणून वितरकांना ते नको असतात.

काम कोणत्या क्रमाने चालते

सर्वांत आधी साहित्याचा शोध घेतला जातो. मूळ निगेटिव्ह मिळाले तर उत्तम. ते नसेल तर त्यावरून काढलेली मधली प्रत आणि तीही नसेल तर चित्रपटगृहात फिरलेली प्रत शोधतात. प्रत्येक पायरीला तपशील कमी होतो. व्हिडिओ टेपवरून ४के चित्रपट तयार होत नाही. टेपमध्ये नसलेला तपशील यंत्राला केवळ कल्पनेने भरावा लागतो.

साहित्य हाती आले की फिल्म हाताने तपासून तिचे फाटलेले दात आणि सुटलेले सांधे दुरुस्त करतात. ती अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतात आणि मग एकेक फ्रेम स्कॅन करतात. काही स्कॅनरमध्ये फिल्म द्रवात बुडवून टिपतात. त्या द्रवाचा अपवर्तनांक फिल्मच्या पायाशी जुळत असल्याने ओरखड्यांत द्रव भरतो आणि ते अदृश्य होतात. संगणकाने एक रेषाही न बदलता साधलेली ही दुरुस्ती असल्यामुळे जाणकार तिला पहिली पसंती देतात.

पुढचे काम संगणकावर चालते. आधी प्रतिमेची थरथर थांबवतात. मग लुकलुकणारा उजेड समतोल करतात आणि धूळ काढतात. शेवटी रंग जुळवतात. रंग जुळवताना जपून ठेवलेले मूळ सेल उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. चित्रकार रंग निवडत ते फिल्मवर कसे उमटतील याचा विचार करून. त्यामुळे पडद्यावरचा रंग तावावरच्या रंगासारखा नसे. जुनी चांगली प्रत आणि निर्मितीत सहभागी असलेल्यांची स्मरणशक्ती, या दोन्हींची साक्ष घ्यावी लागते. अशी माणसे हयात असताना हे काम करणे म्हणूनच मोलाचे असते.

यंत्र कुठे फसते

धूळ काढणारी संगणकप्रणाली एका साध्या तर्कावर चालते. एखादा ठिपका एकाच फ्रेममध्ये आहे, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेममध्ये नाही, म्हणजे तो कचरा असला पाहिजे. जिवंत नटांच्या चित्रपटात हा तर्क बहुधा खरा ठरतो, कारण तिथे हालचाल सलग असते.

हस्तरेखित चित्रपटात तो दोन्ही बाजूंनी फसतो. पावसाचा थेंब, बाणाच्या टोकावरची ठिणगी, पापणीची उघडझाप किंवा वेग दाखवणारी बारीक रेघ एकदोन फ्रेमपुरतीच असते. कलावंताने ती मुद्दाम काढलेली असते, पण यंत्राला ती धूळ वाटते आणि ते ती पुसते. याउलट सेलवर खरोखर बसलेला कण त्या चित्राबरोबर दोन-तीन फ्रेम टिकतो, म्हणून यंत्राला तो चित्राचाच भाग वाटतो आणि ते त्याला सोडून देते. पार्श्वभूमीवर पडलेले केस तर संपूर्ण दृश्यभर तिथेच असतात. थोडक्यात, जे राखायचे ते यंत्र काढते आणि जे काढायचे ते राखते.

कणांचेही असेच आहे. फिल्मचा कण आणि पात्राच्या चेहऱ्यावरची बारीक रेषा यांचा आकार जवळपास सारखा असतो. कण गुळगुळीत करायला गेले की रेषाही विरघळते. नाकाची कड, केसांची बट, वस्त्राची चुणी यांवरच अशा चित्रपटाचा सगळा अभिनय उभा असतो. तिथली रेषा गेली तर चेहरा उरतो, भाव मात्र जातो.

जगातील तीन दाखले

डिस्नेचा १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ १९९३ मध्ये कोडॅकच्या सिनिऑन प्रणालीवर पुनरुज्जीवित झाला. संपूर्ण चित्रपट संगणकात उतरवून, दुरुस्त करून पुन्हा फिल्मवर आणण्याचा तो पहिला प्रयोग मानला जातो. सुमारे ८३ मिनिटांचा चित्रपट म्हणजे जवळपास १ लाख २० हजार फ्रेम. डिस्नेच्या त्या काळच्या चित्रपटांना एका तांत्रिक योगायोगाचाही लाभ झाला आहे. चित्र स्थिर असल्याने प्रत्येक फ्रेम लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून लागोपाठ तीनदा कृष्णधवल फिल्मवर टिपता येत असे. कृष्णधवल फिल्ममध्ये रंगद्रव्य नसते, त्यामुळे रंग उडण्याचा प्रश्नच येत नाही. तीन नोंदी एकत्र केल्या की मूळ रंग परत मिळतो. १९५० नंतर सर्वत्र पसरलेल्या, रंगद्रव्यावर आधारित स्वस्त रंगीत फिल्मला ही सोय नव्हती. तिच्या जुन्या प्रती लालसर पडलेल्या आपण पाहतो त्या यामुळेच.

दुसरा दाखला डिस्नेच्याच १९५० च्या ‘सिंड्रेला’चा. तिच्या २०१२ च्या ब्ल्यू-रे आवृत्तीत कण इतके घासून काढले होते की वस्त्रांवरच्या आणि चेहऱ्यांवरच्या रेषाही ठिकठिकाणी नाहीशा झाल्या, अशी जाणकारांची तक्रार होती. पुढे ४के पुनरुज्जीवन नव्याने हाती घेण्यात आले. त्यात एरिक गोल्डबर्ग आणि मायकेल जायमो या स्टुडिओतील चित्रकारांचा सल्ला घेतला गेला आणि नवी आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवली गेली. एवढ्या धनाढ्य संस्थेलाही एकच काम पुन्हा करावे लागले. दुसरी संधी मिळाली ती मूळ साहित्य शिल्लक होते म्हणून, ही यातली लक्षात घेण्याजोगी बाब आहे.

तिसरा दाखला बीटल्सच्या गाण्यांवरील १९६८ च्या ‘यलो सबमरीन’चा. २०१२ च्या ४के पुनरुज्जीवनात त्याच्या कर्त्यांनी स्वयंचलित सफाईप्रणाली मुळीच वापरली नाही. नाजूक हस्तरेखनाला धक्का लागू नये म्हणून एकेक फ्रेम माणसांनी हाताने स्वच्छ केली. खर्च आणि वेळ दोन्ही वाढले. एका माणसाने काढलेली रेषा ओळखायला दुसरा माणूस लागतो, हे त्यांनी मान्य केले होते.

आवाजाचे पुनरुज्जीवन

‘रामायणा’च्या निमित्ताने आणखी एक वाद पुढे आला. तो चित्राचा नाही, ध्वनीचा आहे. २०२५ मध्ये चित्रपट हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि तेलुगू भाषांत आला, पण हिंदी संवाद नव्या कलावंतांच्या आवाजात होते. ज्यांनी बालपणी अरुण गोविल आणि अमरीश पुरी यांना ऐकले होते, त्यांना हा आपला चित्रपट नव्हे असे वाटले.

शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर या चित्रपटाचे मूळ संवाद इंग्रजीत होते. हिंदी आवाज नंतरचे आहेत. त्यामुळे नवी हिंदी आवृत्ती केल्याने ‘मूळ’ बिघडले असे म्हणता येत नाही. तथापि प्रेक्षकाच्या मनात मूळ ठरते ते त्याने प्रथम ऐकलेले. रामानंद सागर यांच्या मालिकेतला राम ज्या आवाजात बोलला, तोच आवाज या रेखाटलेल्या रामालाही लाभला होता. ही जोडणी एका पिढीच्या सांस्कृतिक स्मृतीचा भाग झाली आहे. म्हणून जुना ध्वनिपट्टाही जपला जावा आणि चकतीवर किंवा ऑनलाइन आवृत्तीत पर्याय म्हणून दिला जावा, ही अपेक्षा वाजवी आहे. जगातील अनेक चांगल्या आवृत्त्यांत जुने आणि नवे दोन्ही ध्वनिपट्टे देण्याचा प्रघात आहे.

वरील चार भाषांत मराठी नव्हती. चित्रपटाचे संगीत आणि ध्वनिपरिणाम संवादांपासून वेगळे जपलेले असतील, तर नव्या भाषेतले संवाद बसवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसते. मॉरिसव्हिल आणि परिसरातील मराठी घरांत आजी-आजोबा भारतातून येतात, नातवंडांना इंग्रजी अधिक सोयीची असते आणि दोघांना एकत्र पाहता येतील अशी चित्रे थोडी असतात. अशा घरांना मराठी आवृत्तीचा उपयोग किती होईल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या घरची तिजोरी

‘रामायणा’ला जपानी निर्माते लाभले, त्याची नोंद राहिली, त्याचे साहित्य राहिले. ज्या परंपरेतून राम मोहन घडले, तिच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही.

महाराष्ट्रातील अ‍ॅनिमेशनचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी १९१२ मध्ये एकेक फ्रेम टिपून दाखवली होती. १९१५ मधील ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचवल्या. हे दोन्ही लघुपट आज उपलब्ध नाहीत. मूकपटांच्या काळातली फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि पेटली नाही तरी कालांतराने तिची भुकटी होते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत अशाच नायट्रेट फिल्मची हजारो रिळे भस्मसात झाली. त्यांत प्रभातच्या वारशाचाही भाग होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि १९५६ मध्ये तिथे कार्टून विभाग उभा राहिला. मिशनरी कुटुंबात भारतातच जन्मलेले क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले. त्यांनी डिस्नेमध्ये ‘स्नो व्हाइट’ आणि ‘बाम्बी’वर काम केले होते. अमेरिकन तांत्रिक साहाय्य योजनेतून आलेल्या या प्रशिक्षणात जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डीअर’ हा १९५७ चा लघुपट तयार झाला. जी. के. गोखले यांच्यासारख्या मराठी कलावंताचे कामही याच विभागातले. राम मोहन १९५६ मध्ये इथेच रुजू झाले. पुढे १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील रेखाटलेला भाग केला आणि युनिसेफची ‘मीना’ घडवली. ‘स्नो व्हाइट’ ज्या हातांनी केला, त्यांतल्या एका हाताने मुंबईत शिकवले आणि त्या वर्गातला विद्यार्थी पुढे ‘रामायणा’चा सहदिग्दर्शक झाला, असा हा सलग धागा आहे.

त्याच पिढीतील आणखी एक काम प्रत्येक भारतीय घराला ठाऊक आहे. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा सात-आठ मिनिटांचा शैक्षणिक लघुपट भीमसेन यांच्या सहभागाने तयार झाला. दूरदर्शनवर तो शेकडो वेळा दिसला असेल. आज तो आपण पाहतो तो बहुधा टेपवरून उतरवलेल्या प्रतीत. तिच्यात रंग वाहून गेलेले असतात आणि रेषा दुहेरी झालेल्या असतात. मूळ चित्रकारांनी नेमका कोणता पिवळा वापरला होता, हे त्या प्रतीवरून सांगता येत नाही.

संस्थात्मक पातळीवर काहीच घडत नाही असे नव्हे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा मे २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षी हे संग्रहालय आणि फिल्म्स डिव्हिजन ही दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. गोव्यातील २०२३ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ पुनरुज्जीवित स्वरूपात दाखवली गेली. मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ पुनरुज्जीवित करून २०२४ मध्ये कान महोत्सवात नेला. योगायोगाने त्याचेही संगीतकार वनराज भाटियाच. मात्र गोव्यात ‘श्यामची आई’सोबत मांडलेल्या चित्रपटांत ‘गाइड’, ‘हकीकत’, ‘विद्यापती’ असे नटांचेच चित्रपट होते. हस्तरेखित लघुपट त्यांत नव्हता. लांबीने लहान, मुलांसाठी केलेली आणि सरकारी, या तिन्ही कारणांनी ही निर्मिती प्राधान्यक्रमात मागे पडते.

वास्तविक याच तिन्ही गोष्टी तिच्या बाजूने आहेत. दहा मिनिटांच्या लघुपटात १४,४०० फ्रेम असतात. ‘यलो सबमरीन’सारखी हाताने सफाई इतक्या फ्रेमसाठी आवाक्यातली आहे. लघुपट सरकारी असल्याने हक्कांचा गुंता कमी आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९५७ च्या लघुपटावरील हक्क २०१७ अखेर संपले. राहते ती फिल्म. १९५० नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म पेट घेत नाही, पण उष्ण आणि दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो, ती आकसते आणि अखेर निरुपयोगी होते. ही प्रक्रिया एकदा सुरू झाली की थंडीने मंदावते, उलट फिरत नाही. मुंबईच्या हवेत अशा फिल्मला फार वेळ नसतो. अमेरिकेने आपल्या शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात, कलपेपर येथे लायब्ररी ऑफ काँग्रेसची थंड, कोरडी कोठारे उभारली आहेत. त्यांतली अनेक केवळ नायट्रेटसाठी राखीव आहेत. पुनरुज्जीवन नंतर होत राहते, आधी मूळ फिल्म थंडीत पोहोचली पाहिजे, हा धडा तिथे घेतलेला दिसतो.

चांगली आवृत्ती कशी ओळखावी

मुलांसाठी जुना अ‍ॅनिमेशनपट निवडताना पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, चौकटीचा आकार. दूरचित्रवाणीच्या जुन्या चौकोनी पडद्यासाठी केलेले चित्र रुंद पडद्यावर भरण्यासाठी वरून-खालून कापलेले असेल, तर पात्रांचे पाय आणि मुकुट अर्धवट दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणे हा दोष नसून प्रामाणिकपणा आहे. दुसरी, रेषा. चित्र थांबवून पात्राच्या डोळ्यांभोवती पाहावे. रेषा तुटक किंवा मेणासारखी वितळलेली असेल तर सफाई अति झालेली आहे. तिसरी, पार्श्वभूमी. जलरंगाचा पोत आणि कुंचल्याचे फटकारे दिसले पाहिजेत. चौथी, स्रोत. फिल्मवरून स्कॅन केल्याचा उल्लेख आहे की केवळ ‘४के’ असा शिक्का आहे, हे वाचावे. कृत्रिम बुद्धिमत्तेने डीव्हीडीवरून फुगवलेल्या अनेक प्रती इंटरनेटवर फिरतात. दुरून त्या लखलखीत दिसतात. जवळून पाहिले तर बोटे एकमेकांत मिसळलेली आणि दागिन्यांच्या जागी अर्थहीन ठिपके दिसतात. तो तपशील कोणा चित्रकाराने कधीच काढलेला नसतो.

जाता जाता एक सूचना. अनेक मराठी कुटुंबांच्या माळ्यावर जुन्या टेप, क्वचित १६ मिलिमीटरची रिळे आणि एखाद्या निवृत्त कलावंताच्या घरी सेल वा रंगनमुनेही पडलेले असू शकतात. ते स्वतः पुसू नयेत, उन्हात ठेवू नयेत आणि रीळ घरच्या यंत्रावर चालवून पाहू नये. कोरड्या, थंड जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयाशी किंवा एखाद्या विश्वासार्ह संस्थेशी संपर्क साधावा. रंग जुळवण्यासाठी एक मूळ सेलही कधी कधी निर्णायक ठरतो.

‘रामायणा’चे पुनरागमन स्वागतार्ह आहे आणि त्याला मिळालेल्या प्रेक्षकांमुळे हस्तरेखित चित्रपटांना आजही स्थान आहे हे दिसले. आता त्याच प्रेक्षकांनी ‘द बनियन डीअर’ आणि ‘एक अनेक और एकता’ यांच्या मूळ निगेटिव्हची स्थिती काय आहे, असे महामंडळाला विचारायला हवे. त्या निगेटिव्ह थंड कोठारात असतील, तर पुनरुज्जीवन पुढच्या पाच वर्षांतही होऊ शकेल. नसतील, तर पहिला खर्च कोठारावर व्हायला हवा.